बेने इस्रायली समाजाच्या संस्था आज नेमके कोणते काम करतात?

कुलाबा_इतिहास (प्रश्न)

नमस्कार. मी अलिबाग परिसरात इतिहास शिकवतो. नवगावची दफनभूमी, अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि अलिबागजवळच्या खंडाळा गावचा एलियाहू हन्नबीचा (प्रेषित एलियाहूचा) टप्पा ही ठिकाणे विद्यार्थ्यांना दाखवताना बेने इस्रायली समाजाचा, म्हणजे कोकणातील मराठीभाषी ज्यूंचा, भूतकाळ सांगणे मला फारसे अवघड जात नाही. गलबत फुटल्यावर किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुषांची आणि सात स्त्रियांची परंपरेने चालत आलेली कथा, गावोगावचे तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर अशी गावांवरून आलेली आडनावे, हे सर्व वाचनातून सापडते.

मला उत्तर देता येत नाही ते वर्तमानाविषयीच्या प्रश्नांना. आता या भागात या समाजाची घरे मोजकीच उरली असताना सिनेगॉग कोण सांभाळते, मागे राहिलेल्या वृद्धांकडे कोण पाहते, या कामाला पैसा कोठून येतो आणि समाजाच्या ज्या संस्था आहेत त्या धार्मिक आहेत की सामाजिक, असे मुले विचारतात. त्याखेरीज माझा स्वतःचाही एक प्रश्न आहे. समाजाबाहेरच्या माणसांनी, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, या कामात मदत केली तर ती हवीशी वाटेल का, आणि वाटत असेल तर ती कोणत्या स्वरूपाची असावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

ठाणेकर_बेने_इस्रायल

सर, आपण प्रश्न विचारलात याचे समाधान वाटले, कारण आमच्याविषयी बहुतेक लेखन गलबतापाशी सुरू होते आणि इस्रायलला गेलेल्या विमानापाशी संपते. मधल्या काळात इथे ज्या संस्था उभ्या राहिल्या आणि आजही तुटपुंज्या मनुष्यबळावर चालतात, त्यांची दखल कमीच घेतली जाते.

प्रथम रचना सांगतो. सर्व समाजाची मिळून एकच मोठी संस्था नाही. प्रत्येक सिनेगॉगचा सर्वसाधारणपणे स्वतंत्र न्यास असतो आणि त्याचे विश्वस्त असतात. पनवेलचे बेथ एल १८४९चे, ठाण्याचे शार हाशामाइम १८७९चे, आणि प्रत्येकाचा कारभार आपापला. त्याच्या जोडीला समाजसेवेच्या संस्था आहेत. मुंबईतील एव्हलिन पीटर्स केंद्रात मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्वांसाठी कार्यक्रम होतात. ‘ओआरटी’ ही १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ज्यूंना हस्तव्यवसाय आणि शेती शिकवण्यासाठी स्थापन झालेली संस्था १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईत व्यवसाय शिक्षणाचे काम करीत आली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस, १९१४मध्ये, अमेरिकेत उभी राहिलेली ‘जॉइंट’ ही मदतसंस्थाही १९६०च्या दशकापासून येथील गरजू कुटुंबांच्या आणि ज्येष्ठांच्या पाठीशी आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. तिला मिन्यान म्हणतात. दहा जण नसतील तर सेफेर तोराचे (धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीचे) जाहीर वाचन होत नाही आणि मृतांसाठी कद्दिश ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. त्यामुळे लहान गावातील सिनेगॉगच्या कार्यकर्त्याचे पहिले काम म्हणजे दूरध्वनी करून माणसे जमवणे. पितरांच्या स्मरणाच्या दिवशी एखाद्या कुटुंबाला कद्दिश म्हणायचे असेल आणि गावात चारच पुरुष असतील, तर उरलेले सहा जण मुंबई, ठाणे किंवा पनवेलहून आणावे लागतात. यात पैशाचा भाग थोडा आहे. माणसांचा वेळ हीच खरी गरज आहे. आमच्या सर्व संस्थांची मुख्य अडचणही हीच आहे असे माझे ठाम मत आहे. इमारतीच्या दुरुस्तीसाठी देणगीदार मिळू शकतो, दहावा माणूस मात्र देणगीतून उभा करता येत नाही.

दुसरे काम ज्येष्ठांचे. ज्यांची मुले लोद, अश्दोद किंवा बीरशेबाला स्थायिक झाली आणि जे स्वतः मात्र गेले नाहीत, अशा वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य, औषधे, रुग्णालयात सोबत आणि सणाला घरपोच सामग्री देणे हे काम गाजावाजा न करता चालते. पेसाह या सणाच्या आठवड्यात मात्झा ही खमीर नसलेली भाकरी मिळाली नाही तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा सणच होत नाही, म्हणून तिच्या वाटपाची याद्या करून व्यवस्था केली जाते. अंत्यविधीचे कामही असेच महत्त्वाचे आहे: देहाला विधिपूर्वक स्नान घालणारी, कफन शिवणारी आणि प्रार्थना जाणणारी माणसे प्रत्येक गावी राहिलेली नाहीत आणि दफन तर शक्य तितक्या लवकर करायचे असते.

आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. या संस्थांची सुरुवात बाहेरच्या मदतीने झाली नाही. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी इस्रायली शाळा सुरू केली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन १९२२पासून १९५०पर्यंत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१३ साली समाजातील स्त्रियांसाठी स्त्री मंडळ स्थापन केले. पुढे त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाणा चालवणारे, पलटणीत सुभेदार झालेले, टपाल आणि रेल्वेत कारकुनी करणारे असे हे लोक होते. ससून घराण्यासारखी संपत्ती बगदादी ज्यूंकडे होती, आमच्याकडे नव्हती. म्हणूनच पारशी समाजाच्या मोठ्या न्यासांशी आमच्या संस्थांची तुलना केली जाते तेव्हा ती मला अन्यायाची वाटते.

कदूरी शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. काही जण याचा उल्लेख हळहळीने करतात. मला त्यात हळहळ वाटत नाही. ज्या वस्तीत शाळा आहे त्या वस्तीतील मुलांना ती शिकवते, आणि आमची मुले नाहीत म्हणून तिला कुलूप लागले असते तर ते किहिमकरांच्या हेतूला सोडून झाले असते.

अश्दोदची_मावशी

वरील उत्तर वाचून फार बरे वाटले. माझा जन्म पेणजवळचा असून १९६०च्या दशकात लहानपणीच मी आईवडिलांबरोबर इस्रायलला आले. घरात आजही मराठी बोलतो आणि इकडे निघणारे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक आमच्या पिढीने आवडीने वाचले.

ठाणेकरांनी एका कामाचा उल्लेख केलेला नाही, आणि आम्हा इकडच्यांच्या दृष्टीने ते सर्वांत मोलाचे आहे. ते काम म्हणजे नोंदवह्या सांभाळणे. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने बेने इस्रायली वधूवरांच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असा आदेश काढला, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना स्वतःचे ज्यू असणे सिद्ध करण्याची वेळ आली. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) बेने इस्रायली हे सर्व बाबतींत पूर्ण आणि समान ज्यू आहेत असे जाहीर केले. त्या काळात लग्नाचा केतुबा (विवाहाचा करारलेख) किंवा सिनेगॉगच्या वहीतील एखादी नोंद हाताशी असणे म्हणजे काय, हे त्या पिढीने अनुभवले आहे. आजही कोणी तरुण इकडे येण्यासाठी अर्ज करतो तेव्हा कागद लागतातच, आणि ते शोधून देणारा माणूस कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कुठल्यातरी सिनेगॉगमध्ये बसलेला विनावेतन कार्यकर्ता असतो.

माझ्यासारख्या अनेकांच्या आजी-आजोबांच्या कबरी रायगड जिल्ह्यात आहेत. त्या दगडांवर मराठीत आणि हिब्रूत नावे कोरलेली आहेत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ती पुसट होत चालली आहेत. सर, आपले विद्यार्थी मराठी आणि देवनागरी सहज वाचतात. इकडच्या आमच्या नातवंडांना ते जमत नाही. नावे, गावे आणि तारखा नीट टिपून ठेवण्याचे काम तुमची मुले करतील, तर ती मदत पैशात मोजता येणार नाही.

न्यास_आणि_लेखा

मी या समाजाचा नाही, परंतु धर्मादाय न्यासांच्या कामाशी माझा व्यवसायाने संबंध आहे. पैसा कोठून येतो आणि बाहेरच्यांनी मदत कशी करावी, या प्रश्नांची कायदेशीर बाजू मांडतो.

महाराष्ट्रातील अशा संस्था सामान्यतः १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. उत्पन्नाचे मार्ग म्हणजे सभासदांची वर्गणी, सणाच्या देणग्या, एखादी जागा भाड्याने दिली असल्यास तिचे भाडे आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांनी पाठवलेली रक्कम. यातील शेवटचा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. परदेशी स्रोताकडून देणगी घेण्यासाठी २०१०च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. नियमित लेखापाल ठेवण्याची ऐपत नसलेल्या गावच्या सिनेगॉगला हे झेपणे कठीण आहे. परदेशातील पाहुण्याने भेटीच्या वेळी सहज देऊ केलेली परकीय चलनातील रक्कमही यामुळे विचारपूर्वकच स्वीकारावी लागते.

त्याहून गंभीर अडचण विश्वस्तांची आहे. विश्वस्त निवर्तला किंवा स्थलांतरित झाला की बदलाचा अहवाल कलम २२नुसार दाखल करावा लागतो. नवे विश्वस्त मिळत नाहीत, बैठकीची गणसंख्या पूर्ण होत नाही, मग बँकेचे व्यवहारही अडतात. अशा वेळी कलम ५० अ खाली न्यासाच्या कारभारासाठी योजना आखून घेता येते, हे अनेक लहान न्यासांना माहीत नसते. स्थावर मालमत्ता विकण्यासाठी मात्र कलम ३६नुसार आयुक्तांची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव पाहता हे कलम या समाजाच्या दफनभूमींसाठी मोठे संरक्षण आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या अधिसूचित यादीत मात्र मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हेच समाज आहेत. त्यामुळे राज्याच्या योजना लागू होऊ शकतात, केंद्राच्या बाबतीत तसे गृहीत धरू नये. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगण्यासारखा आहे.

सर, आपण विद्यार्थ्यांना घेऊन दफनभूमीत काम करणार असाल तर विश्वस्तांचा लेखी ठराव आधी घ्यावा. हेतू कितीही चांगला असला तरी न्यासाच्या जागेत परवानगीवाचून झाडतोड, रंगरंगोटी किंवा दगड हलवणे योग्य नाही, आणि पुढे हद्दीचा वाद निघाल्यास अशा कामाने न्यासाचीच बाजू दुबळी होऊ शकते.

कुलाबा_इतिहास

तिघांचेही मनापासून आभार. मावशींनी सुचवलेले काम आमच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे आणि इतिहासाच्या अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणूनही ते बसते. लेखी परवानगीसाठी मी विश्वस्तांशी संपर्क साधतो. ठाणेकर, दफनभूमीत वावरताना आणि सिनेगॉगला भेट देताना कोणते नियम पाळावेत, हे आपण सांगितलेत तर मुलांना आधीच समजावून ठेवता येईल.

ठाणेकर_बेने_इस्रायल

शनिवारी आणि सणाच्या दिवशी येऊ नये, कारण त्या दिवशी आम्ही लिहीत नाही आणि आपल्यासोबत थांबणाऱ्या माणसालाही ते अवघड होईल. डोके झाकलेले असावे. मुलांना टोपी किंवा रुमाल चालतो. २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सिनेगॉगमध्ये सुरक्षेची काळजी घेतली जाते, म्हणून प्रत्येकाने ओळखपत्र आणावे आणि नावांची यादी आधी पाठवावी. चौकशी कडक वाटली तर तिचा राग मानू नये.

अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ किंवा तेल चोळू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले की पुसट कोरीव अक्षरेही वाचता येतात. जे वाचता आले नाही ते अंदाजाने भरू नका, तेथे जागा मोकळी सोडा. हिब्रू मजकूर आम्ही छायाचित्रावरून वाचून देऊ. कबरीवर कोणी ठेवलेले लहान खडे कचरा समजून झाडून टाकू नयेत, ते आप्तांनी भेटीची खूण म्हणून ठेवलेले असतात. बाहेर पडताना आम्ही हात धुतो, तेव्हा पाण्याची सोय सोबत असू द्या.

अलीकडच्या कबरींची नावे आणि छायाचित्रे कुटुंबाला विचारल्याशिवाय कोठेही प्रसिद्ध करू नयेत. टिपणांची एक प्रत न्यासाकडे द्यावी आणि एक महाविद्यालयात ठेवावी. पावसाळ्यात गवत माजते आणि दगड शेवाळतात, म्हणून दिवाळीनंतरचा काळ या कामाला उत्तम. त्या सुमारास आमचे तिश्री या हिब्रू महिन्यातले सणही आटोपलेले असतात, त्यामुळे आमच्यापैकी कोणीतरी आपल्यासोबत दिवसभर थांबू शकेल.