मदत हवी आहे: जैसलमेरच्या वाळूत जीप, मणक्याचा त्रास असलेल्यांना झेपेल का?

डिसेंबरात पुण्याहून आम्ही 11 जण जैसलमेरला चाललोय. आत्या 64 वर्षांची, मणक्याची गादी सरकलेली. पण वाळूच्या टेकड्या बघायची सगळ्यात जास्त हौस तिलाच. डॉक्टर म्हणाले, गाडी हळू असेल तर हरकत नाही. उंट नकोच, तो उठताना मागचे पाय आधी उचलतो, तो हिसका तिला सोसणार नाही.

तीन कॅम्पवाल्यांना फोन केले. "जीप एकदम सेफ" एवढंच उत्तर. टायरमधली हवा कमी करता का, मागे उभं न राहता पट्टा लावून बसता येतं का, यावर कोणी सरळ बोलत नाही.

वाळूच्या टेकड्यांसाठी सम आणि खुरी ही दोन गावं आहेत; सम हे जैसलमेर शहरापासून साधारण 40 किमी, खुरी त्याहून थोडं लांब. बाकीच्यांना जीपचा थरार हवाच आहे, पण आत्याला कॅम्पवर एकटी बसवायची नाही. पट्टे असलेली जीप आणि आत्यासाठी उंटगाडी, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असं सम की खुरी?