चाळीसाठी आपत्कालीन पथक काढतोय, पण प्रशिक्षण द्यायचं कुणाला?

मिठीकाठची (कुर्ला पश्चिम)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण सल्ला खरंच हवा आहे.

आमची चाळ मिठी नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. तळमजला आणि वर दोन माळे, ४४ बिऱ्हाडं, वर जायला एकच लाकडी जिना. २६ जुलै २००५ ला तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. तेवढं नंतर कधी आलं नाही, पण घोट्याच्या वर, गुडघ्याला लागेल इतकं येतंच.

गेल्या पावसाळ्यात रात्री पाणी शिरलं तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. मीटरचा बोर्ड जिन्याखाली, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. त्यात मेन स्विच कोणता हे कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजातला एक मुलगा मोबाइलची बॅटरी लावून त्या पाण्यातून बोर्डाकडे निघाला. त्याची आई वरच्या गॅलरीतून अशी ओरडली की तो जागीच थांबला. पुढे काही झालं नाही, ते केवळ नशीब.

यंदा गणपतीच्या वर्गणीतून १८ हजार उरलेत. मंडळाच्या मुलांचं म्हणणं, पथक काढू, लाइफ जॅकेट, दोर, मेगाफोन आणि टी-शर्ट घेऊ. मुलं मनापासून बोलताहेत. मला मात्र वाटतं, आधी शिकावं, मग वस्तू घ्याव्यात. पण शिकवतं कोण? पैसे किती लागतात? आणि पथकात घ्यायचं कुणाला? तळमजल्यावर दोघं जण अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यातल्या आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. त्यांना त्या अरुंद जिन्याने वर कसं न्यायचं, हे मला सगळ्यांत आधी शिकायचं आहे.

शिडीवाला (अग्निशमन दलातून निवृत्त, भांडुप)

ताई, मुलांचा हुरूप मोडू नका. फक्त पथकाची यादी करण्याआधी एक बघा: आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी तीन वाजता चाळीत कोण कोण असतं?

२६ जुलैला मंगळवार होता. दुपारी दोननंतर पावसाने जोर धरला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजला गेला आणि त्यातला बराचसा त्या दुपार-संध्याकाळी पडलेला. त्याच दिवशी कुलाब्याचा आकडा पाऊणशेच्या आत होता. म्हणजे कुलाब्याजवळच्या फोर्टात कामावर बसलेल्या माणसाला खिडकीतून बघून कुर्ल्यात काय चाललंय याची कल्पनाही आली नसती. मग लोकल बंद पडल्या, फोन लागेनात, धडधाकट माणसं रात्रभर रुळांवरून चालत होती. घरी होत्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. रस्तेच पाण्याखाली गेल्यावर बाहेरची मदत पोहोचणार कशी? पहिले कित्येक तास जे काही केलं ते घरी असलेल्यांनीच केलं, आणि त्यांना कधी कुणी काही शिकवलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो, दुपारी जे घरी असतात त्यांना आधी शिकवा.

शिकण्यासाठी तुमच्या एल विभागाच्या वॉर्ड ऑफिसात पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या नावाने अर्ज द्या. परळला पालिकेची या विषयाची प्रशिक्षण संस्था आहे. सरकारची 'आपदा मित्र' योजना आहे, तिच्यात स्वयंसेवकांना बारा दिवसांचं शिक्षण मिळतं. चाळीतल्या दोघा-तिघांनी ते केलं तर तेच बाकीच्यांना शिकवतील. नागरी संरक्षण दलाकडेही विचारा. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत टाका. जूनमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

आता मीटर. वीज कंपनीला लेखी अर्ज करून बोर्ड वर चढवून घ्या, तुमचे १८ हजार आधी तिथे लागू देत. तोवर चाळीच्या दाराशी भिंतीवर ऑइलपेंटने लाल पट्टा ओढा, बोर्डापेक्षा बराच खाली, जिन्याखालची जमीन अजून कोरडी असेल अशा पातळीला. पाणी पट्ट्याला लागलं की मेन बंद. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, उभं राहायला लाकडी पाट. मेन स्विचवर मोठ्या अक्षरांत 'मेन' लिहा आणि निदान सहा जणांच्या हातून तो एकदा बंद-चालू करवून घ्या. जुने स्विच घट्ट असतात, बाईमाणसाच्या हाताला सहज ओढत नाहीत, हे आधीच कळलेलं बरं. जिन्याखाली पाणी आलं की तिकडे कुणीही फिरकायचं नाही. कंपनीला फोन करून लाइनच बंद करायला सांगायचं.

आजोबांचं मशीन विजेवर चालतं, त्यामुळे मेन बंद केला की तेही बंद. म्हणजे क्रम ठरला: आधी आजोबा वर, मग मेन. वरच्या माळ्यावरही तेव्हा वीज नसेल, म्हणून छोटा सिलिंडर भरलेला हवा. तो किती वेळ पुरेल, किती लिटरवर लावायचा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद सिलिंडरलाच बांधा.

जिन्यासाठी खुर्ची. हातांची नको, ते हात कठड्यात अडकतात. पाठ उंच असलेली साधी लाकडी खुर्ची घ्या. माणसाला बसवून छातीशी आणि मांड्यांवरून चादरीने बांधा, त्याचे हात चादरीच्या आत. खुर्चीची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे माणसाचं तोंड खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे येतं. एकाने पाठ धरून उलटं वर चढायचं, दुसऱ्याने पुढचे पाय धरायचे. तिसऱ्याने उलट्या चालणाऱ्याच्या कमरेला हात लावून पायऱ्या मोजायच्या, मोठ्याने. हा तिसरा माणूस लोक विसरतात आणि तिथेच पडतात. सराव आधी तांदळाच्या कट्ट्याने करा, मग एखाद्या धडधाकट मुलाला बसवून. आजोबांवर सराव नको.

एक राहिलं. पाणी लवकर जावं म्हणून चाळीतली माणसं मॅनहोलचं झाकण उचलतात. हे कडकपणे बंद करा. ऑगस्ट २०१७ मध्ये असंच उघडं मॅनहोल न दिसल्याने एका नामांकित डॉक्टरांचा जीव गेला. पाणी तुंबलं तर पालिकेच्या १९१६ नंबरला कळवा. दोर घ्यायचा तो काठावरून फेकायला. वाहतं पाणी वीतभर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलतं, त्यात कुणीही उतरायचं नाही, जॅकेट असलं तरी.

टेकडीवरची (विक्रोळी)

शिडीवाले काकांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमची वस्ती उतारावर आहे. जुलै २०२१ मध्ये एकाच रात्री चेंबूरच्या वाशीनाक्याला आणि आमच्या विक्रोळीत सूर्यनगरला दरड आणि भिंत घरांवर आली, त्यानंतर आमच्याकडेही एक संस्था प्रात्यक्षिक द्यायला आली होती. रविवारी सकाळी, मंडप, माईक, नाश्ता. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिन्याभराने रात्री वरून माती घसरल्याचा आवाज आला तेव्हा कोण कुठल्या गल्लीने निघणार हे एकाही घराला सांगता येईना. दोन गल्ल्यांतली माणसं समोरासमोर येऊन अडकली.

मग आमच्या बचत गटाने रात्रीचा सराव सुरू केला. रात्री दहानंतर, गल्लीतले दिवे बंद करून. पहिल्याच रात्री जे कळलं ते दिवसा कळलंच नसतं: वाटेत कुणाचं पिंप, कुणाची सायकल, आणि एका घराची कडी बाहेरून लावलेली, कारण नवरा रात्रपाळीला जाताना कुलूप घालून जातो. आत बायको आणि दोन मुलं! त्या कडीचा प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशीच सोडवला.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. ग्रुपवर मेसेज टाकला तरी रात्री दोनला कोण बघतंय? आम्ही शिट्ट्या घेतल्या, दर चार घरांत एक. लांब एक शिट्टी म्हणजे जागे व्हा, तुटक तुटक म्हणजे घर सोडा. लहान मुलांनाही पाठ आहे.

आणि उताराजवळ कुणी राहत असेल तर हे ध्यानात ठेवा: भिंतीतून नव्या जागी पाणी झिरपायला लागलं, एरवी स्वच्छ येणारं पाणी गढूळ झालं, विजेचा खांब किंवा झाड कललं, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, की पंचनामा होईपर्यंत थांबायचं नाही, आधी बाहेर पडायचं. मुसळधार पाऊस असेल त्या रात्री आमच्यातल्या दोघी आळीपाळीने जागतात.

दवाखान्यातली (नर्स, घाटकोपर)

माझ्याकडून थोडंच. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढू नका, उलटं तर मुळीच धरू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, थांबायचं नाही. दाब मिनिटाला १०० ते १२० आणि मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतके खोल. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो. प्रशिक्षणाच्या अर्जात पुतळा आणा असं स्पष्ट लिहा. एकाने रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा, दुसऱ्याने दाब द्यायचे. शॉक लागलेल्याला वीज बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

पाणी ओसरल्यावरही काम संपत नाही. साचलेल्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जावं. लेप्टोसाठी (अशा घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवून देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांचं औषध वेगळं असतं, म्हणून शेजारणीची गोळी अर्धी करून घेऊ नका. पायाला जखम असेल तर जास्तच घाई करा. पथकातल्या एकीकडे पाण्यात गेलेल्यांची नावं लिहायचं काम द्या.

कुर्ल्याचाच (मंडळातला)

मी अशाच एका मंडळात आहे. काका, पोरं सगळीच कामावर नसतात. माझ्यासारखे डिलिव्हरीवाले, रात्रपाळीचे, दुपारी घरी झोपलेले असतात. आम्हाला यादीतून काढू नका, फक्त उठवायचं कुणी ते ठरवा. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पालिका मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते, तो तक्ता जिन्याशी लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तेव्हा नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, त्यात जोराचा पाऊस आला की मिठीकाठी पाणी चढणारच. आम्ही त्या तारखांना सुट्ट्या अदलाबदल करून निदान दोघं जण घरी राहतो.

मिठीकाठची (कुर्ला पश्चिम)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वही घेऊन दारोदार फिरले. दुपारी तीनला चाळीत असतात ते असे: चौदा बायका, पिठाच्या गिरणीवाले काका, दोन निवृत्त मास्तर, शिकवणीला येणारी मुलं आणि रात्रपाळीचे तिघं. रात्रपाळीवाल्या तिघांची दारं ठोठवायची जबाबदारी समोरच्या वहिनींनी घेतली. गिरणीवाले काका म्हणाले, खुर्चीचा पाठचा भाग मी धरतो, पन्नास किलोची पोती रोजच उचलतो. टी-शर्ट मुलांनी स्वतःच रद्द केले आणि मीटरचा अर्ज त्यांनीच लिहिला.

शिडीवाले काका, वॉर्डात द्यायच्या अर्जात "प्रशिक्षण रविवारी नको, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी द्यावे" असं लिहिलं तर ऐकतील का?

शिडीवाला

लिहा, आणि दुपारी हजर असणाऱ्यांची यादी सोबत जोडा. यादी बघितली की त्यांना कारण कळेल. पोच घ्यायला विसरू नका. खुर्चीच्या सरावासाठी मात्र त्यांची वाट बघू नका. येत्या मंगळवारी मी कुर्ल्याला आहे, तीन वाजता येऊ का?