तांबड्या गायीची खुशाली

‘आजोबांच्या पिढीतल्या पुरुषांना माया दाखवता यायचीच नाही’ असं बरेचजण म्हणतात. मला नाही पटत. दाखवायला जागा कुठे होती? आमचे आजोबा लालबागला गिरणीत, आजी देवगडजवळच्या गावात. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाला निरोपापुरती चार बोटं जागा, आणि आजीला अक्षरओळख नाही. म्हणजे पोस्टमन ओटीवर बसून सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचणार. त्यात माणूस लिहिणार काय? तर, ‘तांबडी गाय बरी आहे ना? तिला उन्हात सोडू नये.’ आमच्या गोठ्यात तांबडी गाय कधीच नव्हती. (पोस्टमनला हे ठाऊक असणारच, गावचाच तो.)

1982च्या गिरणी संपानंतर आजोबा कायमचे गावी आले. आम्हा नातवंडांना आठवतात ते भाताच्या पेंढ्यात आंब्याची अढी लावून रोज एकेक फळ चाचपणारे आजोबा. पिकलेला पहिला हापूस देवाला, दुसरा आजीला, मग आमची रांग. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत ते सगळे कागद निघाले, सुतळीनं बांधलेले. एकावर हळदीचं बोट उमटलं होतं.