मदत हवी आहे: वसईच्या चर्चमधल्या लग्नात लेक 'फ्लॉवर गर्ल' आहे, तयारी कशी करू?

अबोली:
नाताळानंतरच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीचं वसईत चर्चमध्ये लग्न आहे, संध्याकाळी साडेचारला. माझी लेक सव्वाचार वर्षांची. मैत्रिणीने तिला फ्लॉवर गर्ल (नवरीपुढे फुलं टाकत चालणारी छोटी मुलगी) हो म्हणून आग्रहाने सांगितलंय. आमच्याकडे करवलीचा मान काय असतो ते ठाऊक आहे, हे मात्र सगळंच नवीन.
१. आम्ही ख्रिस्ती नाही, हे चालतं का?
२. पाकळ्या किती न्यायच्या, कोणत्या फुलांच्या?
३. फ्रॉक कसा शिवायचा? खर्च कोणी करायचा असतो?
४. ऐन वेळी ती रडली किंवा थांबली तर काय?
ही रीत मुळात कुठून आली तेही कोणी सांगितलं तर आवडेल. लेक विचारते, "मी फुलं का टाकायची?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

रमेदीकर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. चालतं. विवाहविधीला लागतात वधू-वर, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. फ्लॉवर गर्ल आणि पेज बॉय (वरातीत चालणारा छोटा मुलगा) हा हौसेचा, रीतीचा भाग आहे, उपासनेचा नाही. त्यामुळे मूल कोणत्याही धर्माचं असलं तरी अडचण येत नाही. एवढंच सांभाळा की मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कम्युनियनसाठी (पवित्र भाकर घ्यायला) रांग लागते, तेव्हा तुम्ही दोघींनी बाकावरच बसून राहायचं. लेकीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळे उठले की तीही उठते.

पाकळ्यांचं मात्र आजच मैत्रिणीकरवी धर्मग्रामाच्या (त्या चर्चच्या पॅरिशच्या) कार्यालयात विचारून घ्या. बऱ्याच चर्चमध्ये आत पाकळ्या टाकू देत नाहीत, आणि त्याला सबळ कारण आहे. गुळगुळीत लादीवर चिरडलेली पाकळी साबणासारखी घसरते. मागून उंच टाचांची नवरी येत असते, बाकांवर वयस्कर माणसं असतात. लाल पाकळीचा रस संगमरवराला आणि गालिच्याला लागला की डाग सहजी निघत नाही. शिवाय त्याच संध्याकाळी दुसरं लग्न किंवा मिस्सा असेल तर मधे झाडायला वेळ नसतो. कापडी पाकळ्यांनी हा प्रश्न सुटत नाही, त्या लादीवर ओल्या पाकळीइतक्याच सरकतात.

रांगेत तिची जागा कुठे, तेही विचारा. काही ठिकाणी मुलं सगळ्यांच्या पुढे चालतात, काही ठिकाणी नवरीच्या लगेच पुढे. ऐन दारात हे ठरवायला गेलं की मूल गोंधळतं.

फुलपुडी:
पाकळ्यांना परवानगी मिळाली, असं धरून हिशोब देते. चर्चची मधली वाट साधारण २० मीटर धरा. चार वर्षांच्या मुलीचं पाऊल ४० सेंटीमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे ५० पावलं. दर चार पावलांना एक चिमूट म्हणजे १२-१३ वेळा, आणि त्या मुठीत आठ-दहा पाकळ्या मावतात. सव्वाशे पाकळ्या झाल्या. पाच-सहा चांगले भरगच्च गुलाब पुरतात. लोक किलोभर फुलं आणतात, टोपली जड होते आणि मूल अर्ध्या वाटेत ती खाली ठेवून देतं. टोपली फुलांसकट पाव किलोच्या आत हवी.

नेहमी होणारी चूक म्हणजे खोल टोपली. पाकळ्या तळाशी बसतात, मुलीला हात कोपरापर्यंत घालावा लागतो, मग ती थांबून आत बघत बसते. टोपलीत खाली स्पंज किंवा कागद दाबून भरा, वर कापड घाला, आणि काठाखाली दोन बोटं एवढ्या उंचीवर पाकळ्या ठेवा.

पाकळ्या त्याच दिवशी सकाळी सोडवा. प्रत्येक गुलाबाच्या बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या टाकून द्या, त्या हाताळलेल्या आणि काळवंडलेल्या असतात. ओल्या राहू देऊ नका, ओली पाकळी बोटाला चिकटते आणि मूल हात झटकत राहतं. कोरड्या सुती कापडावर एकपदरी पसरून डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. शेजारी केळी-सफरचंद नकोत, पिकत्या फळाच्या वायूने फुलं लवकर माना टाकतात.

वसई मोगऱ्याची आणि सोनचाफ्याची, म्हणून तीच फुलं घ्यावीशी वाटतील. पण थंडीत मोगरा कमी आणि महाग, आणि दोन्ही फुलं हात लागला की तपकिरी पडतात. झेंडूच्या पाकळ्या चिरडल्या की पिवळा डाग पडतो. आणि कण्हेर कुठल्याही रंगाची असो, मुलाच्या टोपलीत घालायचीच नाही. ती विषारी आहे आणि या वयाची मुलं हातातलं तोंडात घालतात.

जुनी_पानं:
लेकीच्या प्रश्नाबद्दल. 'रोममध्ये लहान मुली गहू आणि औषधी पाला घेऊन नवरीपुढे चालत' असं लग्नाच्या बहुतेक लेखांत दिसतं. रोमन लेखकांच्या लिखाणात ठळकपणे भेटतात ते मुलगे. संध्याकाळी नवरी सासरी निघाली की बरोबर तीन मुलगे असत. दोघं तिचा हात धरून, तिसरा पुढे पांढऱ्या काटेरी झुडपाच्या फांदीची मशाल घेऊन. या मुलांचे आई आणि वडील दोघंही हयात असावेत अशी अट होती. आपल्याकडे घाणा भरायला, हळद लावायला सुवासिनीच का लागतात, हे ज्याला कळतं त्याला ही अट समजावून सांगावी लागत नाही. भरलेल्या घरातलं मूल नवरीबरोबर चालावं, एवढाच भाव. वाटेत फेकायचे ते अक्रोड, आणि जमलेली पोरं ते वेचायची.

इंग्लंडमध्ये १६व्या शतकाच्या शेवटी छापलेल्या एका कथेत लग्नाच्या वरातीचं बारीक वर्णन आहे. नवरीच्या दोन बाजूंना दोन मुलगे, त्यांच्या रेशमी बाह्यांना रोझमेरी या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या बांधलेल्या. तिच्यापुढे सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला, त्यात रोझमेरीची फांदी. मागे मुली, कुणाच्या हातात लग्नाचा केक तर कुणाच्या हातात सोनेरी केलेल्या गव्हाच्या लोंब्यांचे हार. चर्चच्या वाटेवर लव्हाळं आणि फुलं पसरायची चालही त्या काळातली.

आजची गोंडस फ्लॉवर गर्ल त्यामानाने अलीकडची. १० फेब्रुवारी १८४० ला व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं तेव्हा तिच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ धरायला १२ जणी होत्या, पण त्या तरुण मुली होत्या, बालिका नव्हेत. पांढरं मलमल, कमरेला रंगीत पट्टा, हातात फुलांची परडी किंवा फुलांचं कडं हे रूप रूढ झालं ते व्हिक्टोरियन काळातच. इंग्लंडमध्ये लहान मुलींनाही ब्राइड्समेडच (नवरीची पाठराखीण) म्हणतात आणि त्या नवरीच्या मागे चालतात. पुढे चालून पाकळ्या टाकायची पद्धत अमेरिकेत पक्की झाली. १९ मे २०१८ ला विंडसरला राजपुत्र हॅरीचं लग्न झालं, त्यात मोठी ब्राइड्समेड एकही नव्हती, दहाच्या दहा मुलंच होती.

तेव्हा हातात काय धरायचं हे कधीच एक नव्हतं. मशाल, अक्रोड, गहू, रोझमेरी, कडं, परडी. पाकळ्यांना 'नाही' म्हटलं तरी रीत मोडत नाही.

सुईदोरा:
फ्रॉकचं सांगते. लांबी घोट्याच्या वर दोन बोटं. जमिनीला टेकणारा घेर मूल स्वतःच्या पायाखाली घेतं, विशेषतः वेदीच्या पायऱ्यांवर. कॅनकॅन (घेर फुगवायचा आतला नेटचा थर) लावायचाच असेल तर नेटची कड अस्तराच्या आत बंद करून घ्या. नेट मांडीला आणि काखेत टोचलं की मूल सगळ्यांसमोर फ्रॉक वर करून खाजवतं. अस्तर सुती मलमलचं, बाही खांदा झाकेल अशी. शेवटचं माप लग्नाच्या दोन आठवडे आधी घ्या आणि खाली चार सेंटीमीटर दुमड राखून ठेवा.

नवे बूट आठवडाभर घरात घालू द्या आणि तळव्यांवर खरखरीत पॉलिश पेपर फिरवा. नव्या तळव्यांनी लादीवर पाय सटकतो.

डोक्यावर फुलांचं कडं असेल तर ते तारेवर नको, दोऱ्यात गुंफा. या वयाला डोक्याचा घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो. ४५ सेंटीमीटर गुंफण आणि मागे रिबिनीची गाठ, म्हणजे सैल-घट्ट करता येतं.

पेटती मेणबत्ती मात्र अजिबात हातात देऊ नका, कोणी कितीही सुचवलं तरी. नेट क्षणात पेटतं.

खर्चाची रीत जागोजागी वेगळी. इंग्लंडात जुन्या पद्धतीने नवरीकडचे कपडे करतात, अमेरिकेत बहुधा मुलीचे आईवडील. मैत्रिणीला सरळ विचारा. कापड घेण्याआधी तिच्याकडून रंगाचा तुकडा मागून घ्या. पांढऱ्याशेजारी मोतिया रंग मळका दिसतो.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज फादरांकडून निरोप आला, आत पाकळ्या नाहीत, बाहेर पायऱ्यांवरही नाहीत. मग टोपलीऐवजी हातात धरायचं फुलांचं कडं घरी करता येईल का? आणि चौथ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?

फुलपुडी:
येईल. भरतकामाच्या लाकडी रिंगचं आतलं कडं घ्या, २० सेंटीमीटर व्यासाचं. त्याला एक सेंटीमीटर रुंदीची सॅटिन रिबिन तिरकी गुंडाळा, चार मीटर पुरते. फुलं कड्याच्या एकाच बाजूला, तिसऱ्या हिश्श्यात बांधायची. सात-आठ बटण शेवंती आणि मधेमधे जिप्सोफिला (बारीक पांढरी फुलं). देठ चार सेंटीमीटर ठेवा, हिरव्या सुती दोऱ्याने एकाच दिशेने एकावर एक आवळत जा आणि शेवटचा देठ रिबिनीखाली दडवा. समोरची बाजू मोकळी ठेवा, तिथे ती धरेल. शेवंतीच्या चिकाने काही मुलांच्या हाताला खाज येते, म्हणून बोटं फुलांपासून लांबच बरी. मोकळी बाजू वर धरली की फुलं खाली लोंबतात आणि फोटोत छान दिसतात.

बाजारात फुलांचा चेंडू मिळतो, तो बघून घ्या. आत ओला फोम असेल तर फ्रॉकवर पाणी ठिबकतं, थर्माकोल असेल तर टाचण्या असतात. दोन्ही या वयाला नकोत.

कडं दुपारी बारापर्यंत बांधून ओलसर कापडात फ्रिजमध्ये ठेवा आणि साडेतीनला काढा.

रमेदीकर:
साडेचार ही झोपेची वेळ आहे, खरी अडचण तिथे आहे. त्या दिवशी दुपारी साडेबाराला निजवा, अडीचला उठवा. फ्रॉक शेवटच्या अर्ध्या तासात घालायचा. खायला साधी बिस्किटं आणि पाणी, सरबत नको. दारात उभं राहायच्या पंधरा मिनिटं आधी शू.

तालीम दोनदा. एक घरी, कडं हातात घेऊन. दुसरी त्याच चर्चमध्ये, रिकाम्या वाटेवर. 'हळू चाल' हे तिला कळत नाही. 'पाऊल टाक, पाय जोड, पाऊल टाक' असं शिकवा. मधल्या वाटेवर पांढरं कापड अंथरणार असतील तर त्यावरच तालीम करा, ते पायाखाली गोळा होतं.

दोन ओळखीची माणसं लागतात. एक दारात तिला सोडायला, दुसरं पुढून दुसऱ्या-तिसऱ्या बाकाच्या कडेला, जिच्याकडे बघत ती चालेल. पुढे तुम्हीच बसा. हाका मारू नका, नुसते हात पसरून बसा. ती तुमच्यापाशी पोचली की तिचं काम झालं, मग तिला बाकावर घ्या. मिस्सा तासभर चालते, तेवढा वेळ वेदीपाशी उभं ठेवायची गरज नाही.

थांबली तर दहापर्यंत मोजा, कोणी ढकलू नका. रडली तर दारातल्या माणसाने उचलून कडेच्या वाटेने तुमच्याकडे आणायचं. वादक सूर लांबवतात, त्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.

आवाजाचं विसरू नका. २०११ मध्ये राजपुत्र विल्यमच्या लग्नानंतर बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात कानांवर हात ठेवून उभी असलेली तीन वर्षांची फ्लॉवर गर्ल जगभर दिसली. वसईत लग्नाला दारात बँड असतो, कधी फटाकेही. बँड वाजत असताना तिला आतल्या बाजूला ठेवा. ऑर्गनचा पहिला सूर घुमतो तेव्हा मुलं दचकतात, म्हणून एखाद्या रविवारी मिस्साच्या वेळी तिला मागच्या बाकावर दहा मिनिटं बसवून आणा.

अबोली:
या रविवारीच नेते. रिंग आणि रिबिन आणलीये, उद्या रिकामं कडं धरून घरात चालायला लावते.