'वेळेवर' म्हणजे वेळेत की ऐनवेळी?

पऱ्हाटी: आमच्या ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्तं हिंदीत करून देतोय. शेवटचा विषय ठरलेला : 'वेळेवर येणारे विषय'. मी लिहिलं, 'ऐन वक्त पर आने वाले विषय'. तपासणाऱ्या पुण्याच्या बाईंनी लाल रेघ मारली. अर्थ उलटा केला म्हणे! आमच्याकडं विदर्भात वेळेवर म्हणजे आधी काही ठरवलं नसताना, त्या घडीला. त्यांना काय उत्तर देऊ?

शुद्धमती: गाडी वेळेवर आली म्हणजे उशिरा आली का? तुम्हाला हवा तो शब्द 'ऐनवेळी' किंवा 'आयत्या वेळी'. बोलीतली चूक दप्तरात कशाला?

मूर्तिजापूर लोकल: चूक काऊन, ताई? 15 ऑगस्टले गुरुजींनी मले 'वेळेवर बोल' म्हणून उभं केलं होतं. पाठ न करता, असं. 'सन्माननीय व्यासपीठ'च्या पुढं गाडी सरकलीच नाही. अन् तुमचा 'ऐन' अरबी हाय. तो चालते, आमचा चालत नाही?

शुद्धमती: अरबी असो, त्यानं संदिग्धता तर होत नाही ना.

बांधावरून: संदिग्धता होते, हे खरं. सातारकडचे कृषी सहायक नवीन आले होते. आमचा काका म्हणाला, "बियाणं वेळेवरच घेतो जी." साहेब खूश, चार लोकांत कौतुक केलं. काका मृग लागल्यावर दुकानात धावणारा माणूस!

पऱ्हाटी: मला वाटतं मूळ 'ऐन वेळेवर' असावं, बोलताना 'ऐन' गळालं. 1956 पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात; नागपूरच्या कचेरीत हिंदीचा शेजार. 'ऐन वक्त पर'चीच सावली.

मूर्तिजापूर लोकल: हिंदी कायले? माही आजी 'वक्तावर पाहू' म्हणे, तिनं नागपूर पाहिलंच नव्हतं.

शुद्धमती: 'वक्त'ही अरबीच हो! तिथून आलेल्या शब्दावर आजीचा शिक्का मारून काय होणार?

बांधावरून: ते राहू द्या. काकानं यंदा घरचंच सोयाबीन ठेवलं. पेरू का?

मूर्तिजापूर लोकल: उगवण पाहिली का? 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 च्या वर उगवले तर पेरा, नाही तर बियाणं वाढवा.

पऱ्हाटी: अन् माझी लाल रेघ?

बांधावरून: गोणपाट किती दिवस ठेवायचं, भाऊ?