आपल्या माणसाचं बी जपलंय का? (अनुभव लिहा)

वडगावची लेक: काल बेळगावच्या गणपत गल्लीत एक मावशी पावट्याच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. मूठभर उचलल्या आणि बोटांना तो उग्र, तेलकट वास लागला. आईच्या परसातला. न्हाणीचं पाणी जायचं तिथं तिचा वेल असायचा, पार कौलांवर चढायचा. आई गेली, घरही विकलं. निघताना मी फक्त बियांचा डबा उचलला. तपकिरी दाणे, कडेला पांढरी रेघ, राखेत घोळलेले. आता फ्लॅटच्या गच्चीवर ड्रममध्ये दरवर्षी लावते. नवरा म्हणतो, शेंगा विकत मिळतात की. त्याला काय सांगू? तुमच्याकडं असं कुणाचं बी आहे का?

खानापूरवाला: आज्जीचा वाल हाय आमचा. आमच्याकडं पाऊस धो धो, मृगात टाकला तर कुजतोय. भात कापलं की ओलीवरच टाकायचा. आजोबा गेल्यावर आज्जी बांधाकडची एक ओळ तोडू द्यायची नाही. ‘ती त्येंची’ म्हणायची. वाळून खडखडीत झाल्या की त्याच शेंगांचं बी धरायचं. आता आज्जी पण नाही, ओळ हाय. पोरं विचारतात ही कुणाची, मी म्हणतो दोघांची.

शाहापूरची सून: 😢

जाऊबाई नं. २: आमच्यात उलटंच झालं. सासऱ्यांचं राखून ठेवलेलं बी थोरल्या जाऊबाईंनी उसळीत घातलं! सगळं. मी दोन दिवस बोलले नाही. (उसळ झकास झाली होती, ते सोडा.) मग आठवलं, मामंजींनी बैलहोंगलच्या एका अव्वांना मूठभर दिलं होतं. गेलो. त्यांना मराठी येईना, माझं कन्नड बाजारापुरतं. मामंजींचा फोटो दाखवला तर उठून आत गेल्या आणि पदरात बांधून बी घेऊन आल्या. वर चहा. तेव्हापासून मी दर साली चार घरी वाटते, जाऊबाई सोडून.

चिकोडी एक्सप्रेस: जाऊबाई वाचत असतील इथं 😂

जाऊबाई नं. २: वाचू देत की.

निपाणीकर: मावा पडतो का तुमच्या वेलावर? शेंड्याला काळा थर चिकटतो बघा. आमचे आबा तंबाखूचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून ते पाणी मारायचे. निपाणीत तंबाखूला काय तोटा. पण हातमोजे घाला आणि शेंगा तोडायच्या दिवसांत नको, विषच ते. आबांना बिडीनंच नेलं, ते वेगळं.

गच्ची बाग: माझ्या वेलाला नुसता पाला. मार्चमध्ये लावला होता. आईच्या हातचं बी, वाया गेलं का?

शेतकी मास्तर (निवृत्त): वाया कशाला जातंय. जुना पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. उन्हाळ्यात लावाल तर मांडव भरेल, शेंग दसरा-दिवाळीच्या पुढंच. उपटू नका. दुसरं, किडा बहुतेक डब्यात शिरलेला नसतो, शेतातच शेंगेवर अंडी घालतो नि बियाबरोबर घरी येतो. म्हणून आधी कडक ऊन द्यायचं, मग राख. आमच्या हिनं पण असंच ठेवलेलं असायचं, प्रत्येक गाडग्यावर खडूनं साल लिहून. मी अजून पुसलेलं नाही. राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री मिळाली ती अशीच गावरान बियाणी राखल्याबद्दल.

गच्ची बाग: सर, म्हणजे आशा आहे! थांबते.

खानापूरवाला: मास्तर, तुम्ही पेरता का अजून?

शेतकी मास्तर (निवृत्त): गुडघे म्हणतील तेवढं.

शाहापूरची सून: आमटीची कृती टाका ना कुणीतरी. कढईसमोर उभी आहे, सासूबाई यायच्यात.

वडगावची लेक: भिजवून मोड आणा, सोला (मुलांना बसवा), कांदा, ओलं खोबरं, आमसूल, शेवटी गुळाचा खडा. आज नाही जमायचं, मोडच नाहीत. पिठलं करा.

शाहापूरची सून: पिठलंच केलं. वाटण्याच्या यादीत माझं नाव घाला.

जाऊबाई नं. २: घातलं. उसळ करायची नाही, एवढीच अट.

चिकोडी एक्सप्रेस: कांदा-लसूण चटणी निपाणीत कुठं चांगली मिळते हो?

निपाणीकर: आमच्या आईकडं. फोन दुपारी करा, सकाळी शेतात असते, उचलत नाही.