मदत हवी आहे: मागण्याआधी स्तुती कशी करावी?

नमस्कार. मडगावात राहणारं आमचं मराठी ख्रिस्ती कुटुंब रोज संध्याकाळी प्रार्थनेला एकत्र बसतं. पण ‘नोकरी दे, आजार बरा कर’ यातच ती संपते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर भाकरीच्या आधी पित्याचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा येते! काही न मागता, देव कोण आहे यावरच मन ठेवून आराधना व्हावी, अशी फार ओढ लागली आहे. बायबलमधल्या स्तोत्र १०३ आणि १४५ पासून सुरुवात करतोय. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं, १६१६ मध्ये इथेच मडगावजवळ रायतूरला छापलेलं, बायबलची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे. त्यातल्या स्तुतीच्या कोणत्या ओव्या मुलांसोबत चालीवर म्हणता येतील? आणि शब्द संपल्यावर देवासमोर नुसतं शांत कसं बसायचं? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगा.